मेडिकल चौकाजवळचं झेरॉक्सचं दुकान

नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, ज्याला आम्ही नुसतं 'मेडिकल' म्हणतो, तिथल्या सर्जरी वॉर्डात माझी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, हनुमान नगरात राहते. ओळखीतलं कोणी पेशंट घेऊन मेडिकलला आलं की हमखास मला फोन येतो, "सिस्टर, कागदपत्रांचं कुठं करायचं?" मी एकच दुकान सांगते. वर पाटी झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज अशी आहे, पण खालच्या काचेवर पिवळ्या अक्षरांतलं 'एसटीडी आयएसडी पीसीओ' अजून वाचता येतं, म्हणजे पूर्वी इथे पैसे देऊन बाहेरगावी फोन लावायचा बूथ होता. दुकानदारांना सगळे काकाजी म्हणतात.

आधी कामाचं बोलते. झेरॉक्स दोन रुपये पान, आणि स्वच्छ निघते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड, आधार यांच्या प्रती लागतात. खेड्यातल्या रेशन कार्डाची घडी झिजून गेलेली असते, नेमकं नाव त्या घडीत असतं. काकाजी कार्ड मशीनवर सपाट दाबून धरतात, शाई गडद करतात, एक प्रत उजेडात धरून नाव वाचून बघतात आणि मगच बाकीच्या काढतात. एक सेट जास्तीचा काढून घ्या असं स्वतःहून सांगतात. कलर प्रिंट मात्र इथे काढू नका, फोटो फिके येतात. दुकान अरुंद आहे, दोन माणसं आत आणि बाकी रांग रस्त्यावर. नागपूरच्या मे महिन्यात त्या रांगेत उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे. समोर ग्रीन नेट बांधा म्हणून मी दरवर्षी सांगते, अजून बांधलेली नाही.

पण मी लोकांना इथे पाठवते ते झेरॉक्ससाठी नाही.

काकाजींचा एक पाय पोलिओने अधू आहे. त्या काळी पीसीओ देताना अपंगांना प्राधान्य असायचं, त्यात त्यांना हा बूथ मिळाला. आज जिथे झेरॉक्स मशीन आहे तिथे काचेची केबिन होती. केबिनच्या दारावर कोडचा तक्ता : चंद्रपूर 07172, गडचिरोली 07132, भंडारा 07184, गोंदिया 07182. त्याखाली पेनाने वाढवलेले बालाघाट 07632 आणि छिंदवाडा 07162, कारण मेडिकलला मध्य प्रदेशातूनही पेशंट येतात. आत भिंतीवर फोनच्या बिलाचं मीटर. लाल आकडे पळायचे, आणि गाव जितकं लांब तितके जोरात पळायचे. वर्ध्याला बोलताना माणूस जरा निवांत असायचा, मुंबईला बोलताना त्याची नजर आकड्यावरून हलायची नाही. बोलणं संपलं की छोट्या मशीनमधून करकर करत चिठ्ठी निघायची. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून माझी नाइट ड्यूटी असली की पेशंटचे नातेवाईक त्या सुमाराला हळूच विचारायचे, "सिस्टर, जरा फोन करून येऊ का?" मी पेशंटजवळ थांबायची.

बहुतेकांच्या घरी फोन नव्हताच. गावात एखाद्या किराणा दुकानात नाहीतर सरपंचांकडे असायचा, तो यांचा पी.पी. नंबर. पहिल्या फोनला नुसतं सांगायचं, अमक्याच्या बाईले बोलवा, दहा मिनिटांनी करतो. मग ती दहा मिनिटं बूथबाहेर उभं राहायचं. ऑपरेशनचं काय सांगायचं, पैशाचं काय सांगायचं, हे ओठांतल्या ओठांत घोकणारी माणसं मी पाहिली आहेत.

ज्यांना तेही जमत नसे त्यांच्यासाठी वही होती. लाल कापडी बांधणीची, लांब, हिशेबाची असते तशी. नाव, गाव, वॉर्ड, निरोप. लाइन लागली नाही तर काकाजी निरोप लिहून घेत आणि नंतर स्वतः लावत राहत. उलट गावाकडून यांच्या दुकानात फोन आला की पोरगं वॉर्डात धावत येई. वही मी पाहिली आहे. एक नोंद डोक्यातून जात नाही : "शुद्धीवर आली. भाकर मागते. बैल विकू नका, पैशाचं झालं." तो निरोप संध्याकाळच्या आत गावात पोचला नसता तर दुसऱ्या दिवशी बाजारात बैल गेले असते.

वाईट बातमीचा त्यांचा एक नियम होता. फोन उचलणाऱ्याला मरणाचं कधी सांगायचं नाही. "तब्येत जास्त आहे, दोन मोठी माणसं पाठवा," एवढंच. ऐकणाऱ्याला कळायचं, पण घरच्या माणसांना प्रवास करण्यापुरता धीर राहायचा. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "सिस्टर, दुसऱ्याच्या दुकानात उभ्या असलेल्या बाईले असं कसं सांगाव जी?" वॉर्डात नातेवाइकांशी बोलताना मी त्यानंतर शब्द फार जपून वापरले.

2003 च्या मे महिन्यात मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं आणि बूथची रांग हळूहळू आटली. आजूबाजूचे पीसीओ बंद झाले. काकाजींनी केबिन काढली, मशीन बसवली. वही चालू ठेवली.

आता तिच्यात चार्जिंगला लावलेल्या मोबाइलची नोंद असते. भिंतीला लांब बोर्ड आहे, सगळ्या प्रकारच्या पिना आहेत, दहा रुपये घेतात. इथेच एक गोष्ट लक्षात येते. ज्या माणसाला गावातल्या किराणा दुकानाचा नंबर तोंडपाठ असायचा, त्याच्याच मुलाला आज मोबाइल बंद पडला की स्वतःच्या आईचा नंबर सांगता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात गोंदियाकडचा एक पोरगा असाच रडकुंडीला आला होता, वडील आत ऑपरेशनच्या टेबलावर आणि फोन मेलेला. काकाजींनी फोन चार्जिंगला लावला, सुरू होताच आधी आईचा आणि काकाचा नंबर कागदावर लिहायला लावले, कागद लॅमिनेट करून पेशंटच्या फाइलमध्ये ठेवायला दिला आणि मग स्वतःच्या मोबाइलवरून घरी बोलायला लावलं. पैसे फक्त चार्जिंगचे घेतले. लॅमिनेशनचे का नाही म्हटलं तर उत्तर दिलं नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. पेशंट भरती असेल तर पहिल्याच दिवशी या दुकानात जाऊन या, काम नसलं तरी. सकाळी लवकर जा, ओपीडीची गर्दी सुरू झाली की बोलायला उसंत नसते. ऑनलाइन पैसे चालतात, पण रेंज दगा देते, सुटे जवळ ठेवा. रविवारी दुपारनंतर बंद असतं. आणि वॉर्ड कुठला, सोबत कोण, हे वहीत लिहून ठेवायला सांगा.