एचडी 650 साठी ॲम्प: आठ महिन्यांनंतर

सेनहायझरचा एचडी 650 हेडफोन घरी आला त्या रात्री मी तो फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या डोंगलला जोडला आणि एका जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं. आवाज शेवटपर्यंत वाढवला तरी विलंबित ख्याल शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. मग एक नवं सिनेगीत लावलं, तर डोंगल तेच, हेडफोन तोच, आणि आवाज कमी करावा लागला. ॲम्प, म्हणजे हेडफोनला जोर पुरवणारं वेगळं यंत्र, लागतो का आणि लागला तर कसा, हे मला या दोन मुद्रणांतल्या फरकाने शिकवलं.

हा हेडफोन 300 ओहम इम्पीडन्सचा (विजेला होणारा अडथळा), 2003 सालचा. कंपनी त्याची संवेदनशीलता 1 व्होल्टला 103 डेसिबल अशी देते. माझं डोंगल जेमतेम 1 व्होल्ट देतं, म्हणजे सगळ्यात जोरकस क्षणी 103 डेसिबल. कानाला तेवढं पुष्कळ झालं. आजची गाणी मुद्रणातच दाबून त्या कमाल पातळीजवळ आणलेली असतात, त्यामुळे तिथे काहीच कमी पडत नाही. माझ्याकडची मैफल मात्र डिजिटल करतानाच हळू पातळीवर केलेली आहे; तिच्यात आलाप कमाल मर्यादेच्या 35-40 डेसिबल खाली चालतो. म्हणजे कानाशी उरले 65 डेसिबलच्या आसपास. त्यात हेडफोन मागून उघडा, घरातला पंखा आणि कुकरची शिट्टी सरळ आत येते.

तेव्हा मला हवे होते व्होल्ट. ॲम्पच्या जाहिरातीत वॅटचा मोठा आकडा छापतात तो बहुधा 32 ओहमच्या हेडफोनसाठीचा असतो, आणि 300 ओहमवाल्याने त्यावर थांबू नये. 32 ओहमला 1 वॅट म्हणजे साधारण 5.6 व्होल्ट. तेवढेच व्होल्ट 300 ओहमला दिले तर जेमतेम 0.1 वॅट भरतात, पण पातळी डोंगलपेक्षा 15 डेसिबल वर जाते. एवढी जागा मला कुठल्याही मैफलीला पुरली आहे. म्हणून मी 32 ओहमला 1 वॅट देणारा, आउटपुट इम्पीडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा) एका ओहमच्या आत असलेला साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प घेतला. नाव मुद्दाम लिहीत नाही. ही मापं जुळणारे बरेच ॲम्प मिळतात आणि निवड मापांवरूनच व्हावी असं मला मनापासून वाटतं.

पहिले दोन आठवडे त्रासाचे गेले. गायकाचा आवाज मधोमध न राहता उजवीकडे सरकायचा. दोष माझ्या कानाचाच की काय म्हणून हेडफोन उलटा घालून पाहिला, तर आवाज डावीकडे गेला. म्हणजे डाव्या-उजव्याचा असमतोल खरा होता. गाण्याची फाइल बदलली, डॅक (डिजिटल फाइलचा विद्युत सिग्नल करणारं यंत्र) बदलून पाहिला, फरक नाही. कारण निघालं गेनमध्ये, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो त्यात. डॅक 2 व्होल्ट देतो आणि मी हाय गेन लावून ठेवला होता, त्यामुळे नॉब अगदी सुरुवातीलाच अडकून राहायचा. तिथे नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरच्या डाव्या-उजव्यासाठीच्या दोन पट्ट्या एकमेकींशी नीट जुळत नाहीत. लो गेनवर नॉब घड्याळाच्या बाराच्या आकड्यापर्यंत नेता आला आणि आवाज मधोमध आला. हाय गेन आता फक्त त्या हळू मैफलींसाठी.

दुसरा त्रास गुणगुणीचा. तानपुऱ्याच्या खर्जाखाली अजून एक बारीक सूर चालू आहे असं वाटायचं, आणि तानपुरा ऐकणाऱ्याला याहून वाईट काही नाही. लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली की तो सूर गायब. यूएसबी केबलमधून अर्थिंगचा फेरा तयार होत होता. डॅकला ऑप्टिकल केबलने जोडलं. तिच्यातून नुसता प्रकाश जातो, विजेचा संबंध तुटतो. तेव्हापासून जवारी स्वच्छ ऐकू येते.

चौथ्या महिन्यात एका मित्राने त्याचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प तीन आठवडे वापरायला दिला. 6080 व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट हेडफोन चालवणारा, ज्याला ओटीएल म्हणतात. आउटपुट इम्पीडन्स सुमारे 120 ओहम. एचडी 650 चा इम्पीडन्स सगळीकडे 300 नसतो. 80-100 हर्ट्झच्या आसपास तो 450-500 पर्यंत चढतो. 120 ओहममागून पाहिलं तर तिथे हेडफोनच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. हिशेब केला तर फरक साधारण 1 डेसिबल. आकडा छोटा, पण डग्ग्याचा घुमारा नेमका त्या भागात आहे. दोन्ही ॲम्पची पातळी 300 हर्ट्झच्या सुरावर मल्टिमीटरने जुळवली आणि मुलाला माझ्या पाठीमागे प्लग बदलायला लावले. गायकीवरून मला एकदाही ओळखता आलं नाही. डग्ग्यावरून मात्र बहुतेक वेळा ओळखला, आणि तो भरदारपणा मला खूप आवडला.

तरी मी तो घेतला नाही. मे महिन्यात त्या खोलीत व्हॉल्व्हजवळ बसवत नव्हतं, हे एक. दुसरं, मुलाचा 32 ओहमचा हेडफोन त्याला जोडला तर व्होल्टेजचा जवळजवळ चार-पंचमांश भाग ॲम्पमध्येच राहतो. खालचा आवाज सैल आणि फाटका येत होता. घरात फक्त 250-300 ओहमचे हेडफोन असतील तर ओटीएल जरूर ऐका. प्लेनर (सपाट पडद्याच्या) जातीचे, 20-30 ओहमचे आणि कमी संवेदनशील हेडफोन असतील तर त्यांना करंट लागतो, तिथे माझं हे गणित तसंच्या तसं लावू नका.

मुलानेच घेतलेल्या आणखी एका परीक्षेचंही सांगायला हवं: पातळी जुळवून सिनेगीतं लावली तेव्हा डोंगल आणि माझा ॲम्प यांत मला फरक सांगता आला नाही. ज्यांचं ऐकणं तेवढंच आहे त्यांनी आधी डोंगलवर महिनाभर ऐकावं आणि पैसे राखून ठेवावेत.

हेडफोनच्या कानाभोवतीच्या गाद्या आता दबल्या आहेत. कान ड्रायव्हरच्या जवळ गेला की तोल बदलतो, आणि गेले काही दिवस मला तसं जाणवतंय. नव्या मागवल्या आहेत. त्या बसवल्यावर पहिली तीच मैफल लावणार.