पदवीला गुण कमी, सीईटीला पर्सेंटाइल चांगला: एमबीए कॅप प्रवेशप्रक्रियेचा रिव्ह्यू

पदवीला ५३ टक्के आणि प्रवेश परीक्षेत (सीईटी) ९९ च्या पुढे पर्सेंटाइल, अशांना राज्याची कॅप, म्हणजे सर्व कॉलेजांची एकत्रित प्रवेशप्रक्रिया, खरा न्याय देते. आयआयएम अहमदाबादच्या निवडीत दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही मोजले जातात. इथे पदवीचे ५० टक्के (महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गांना ४५) ही फक्त पात्रतेची अट. पुढे गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर लागते, मुलाखत नाही.

सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, चुकीला वजा गुण नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

गाडी अडते ती कागदपत्रांत. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रावरची 'वैध दिनांक' ही ओळ नीट वाचा, मुदत संपलेली असेल तर राखीव जागेवरचा दावा जातो. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं टक्केवारीचं पत्र आधीच काढून ठेवा.

कॉलेजांचे पर्याय भरताना पहिला क्रमांक जपून द्या: तोच मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ (कायम) होते, पुढच्या फेरीत बदल नाही. मुंबईतल्या कॉलेजांपैकी जमनालाल बजाज खरंच हवं असेल, तर सिडनहॅम 'सेफ' म्हणून त्याच्या वर टाकू नका.