विटांच्या धुराड्याची दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग: आठ महिन्यांनंतर

न्यू जर्सीतलं आमचं घर 1950च्या दशकातलं, धुराडं विटांचं. तीन वर्षांपूर्वी फायरप्लेसवरच्या छताला तपकिरी डाग पडला. तेव्हा बोलावलेल्या माणसाने विटांवर चकचकीत सीलर मारून दिला. पुढच्या मार्चमध्ये विटांचे पापुद्रे अंगणात पडू लागले. पाणी वरून, फुटलेल्या क्राउनमधून (धुराड्याच्या माथ्यावरचं सिमेंटचं झाकण) शिरत होतं आणि सीलरच्या थराने त्याची बाहेर पडायची वाट बुजवली होती. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. वीट किती सोसणार?

म्हणून गेल्या सप्टेंबरात क्रम बदलला. आधी जुना थर रिमूव्हरने काढला, फुटक्या विटा बदलल्या. क्राउन फोडून नवा ओतला, चारी बाजूंनी दोन इंच पुढे काढून. खालून खाच ठेवली, म्हणजे पागोळी विटेवर न ओघळता बाहेर गळते. माझ्या मते खरं काम या क्राउननेच केलं. विटांमधल्या दर्जा (सांधे) पाऊण इंच खोल खरवडून टाइप एन या मऊ प्रकारच्या मसाल्याने भरल्या. गवंडी ‘टाइप एस घ्या, जास्त पक्का’ म्हणत होता. मी ऐकलं नाही. जुनी वीट मऊ असते. मसाला तिच्याहून कडक झाला की ताण विटेवर येतो आणि तीच फुटते. छपराजवळचं फ्लॅशिंगही (छप्पर आणि धुराड्याचा सांधा झाकणारं) नवं, पत्रा दर्जेत खोचून बसवलेला, नुसता डांबराने चिकटवलेला नाही.

मग महिनाभर थांबलो. त्या काळात लोणा (विटेतला पांढरा क्षार) वर आला, तो कोरड्या ब्रशने झाडला. ऑक्टोबरात पाण्यातलं सायलॉक्सेन रिपेलंट (पाणी झटकणारं द्रव्य) मारलं: खालून वर, पहिला हात ओला असतानाच दुसरा. हे विटेत मुरतं, वर थर धरत नाही, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडते. स्कायलाइट मात्र झाकून घ्या. काचेवर उडालेले आमचे शिंतोडे अजून गेलेले नाहीत.

हिवाळाभर गोठणं-वितळणं चालू होतं, पण अंगणात एकही पापुद्रा सापडला नाही. छतावरचा डाग रंगवला होता, तो परत उमटला नाही. दमट दिवसांत दिवाणखान्यात येणारा ओल्या काजळीचा वास गेला, याचा आनंद सगळ्यात मोठा. उत्तरेकडच्या विटांच्या खालच्या तीन थरांवर पावसानंतर ओल जास्त वेळ टिकते. तिथे जुना सीलर पुरता निघाला नव्हता.

एप्रिलमध्ये क्राउनवर केसाएवढी भेग दिसली. रिपेलंट भेग भरत नाही, म्हणून तिथे लवचिक क्राउन कोटिंग लावलं. त्यानंतरच्या पावसात आतून टॉर्च मारून पाहिलं, कोरडं होतं.