‘स्पायडर-मॅन 2’: बाजू भक्कम, तरी आक्षेप रास्त

सॅम रायमी यांच्या 2004 सालच्या ‘स्पायडर-मॅन 2’चा विषय निघाला की फोंड्यातील आमच्या मित्रमंडळींत चर्चा आजही हमरीतुमरीवर येते. आगगाडीच्या प्रसंगाबद्दल मात्र दुमत नाही. जाळी ताणून भरधाव गाडी थांबवणारा पीटर, म्हणजेच स्पायडर-मॅन, शुद्ध हरपून कोसळू लागतो, तेव्हा प्रवासी त्याला सावरून हातोहात आत नेतात आणि मुखवट्याविना दिसणारा तो कोवळा चेहरा पाहून अवाक होतात. दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटाचा खरा प्राण मला या माणुसकीतच दिसतो. आल्फ्रेड मोलिना यांनी साकारलेला खलनायक डॉक्टर ऑक्टोपसही निव्वळ दुष्ट नाही, पत्नीच्या मृत्यूने खचलेला तो विद्वान आहे.

पीटरची शक्ती मध्येच का नाहीशी होते, हे धड कळत नाही, अशी म्हापशाच्या एका मित्राची तक्रार असते. मला ती पटत नाही, कारण त्याची मानसिक ओढाताण पुरेशी स्पष्ट आहे. पीटरचे जिच्यावर प्रेम आहे त्या मेरी जेनला मात्र पहिल्या भागाप्रमाणेच पुन्हा ओलीस ठरवून कथेने तिच्यावर अन्याय केला आहे, आणि या आक्षेपाला समर्थकांकडून समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.