लाँगफेलो की व्हिटमन?

१८५५ हे साल या दोन्ही अमेरिकी कवींचं. जुलैत व्हिटमनने स्वतःच्या खर्चाने 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' छापलं, शीर्षकपानावर कवीचं नावसुद्धा नव्हतं. नोव्हेंबरात लाँगफेलोचं दीर्घकाव्य 'हायावाथा' आलं आणि घरोघरी वाचलं गेलं.

आज अमेरिकी कवितेचा पाया म्हणून व्हिटमनचं नाव घेतात, ते योग्यच आहे. छंद मोडून लांबलचक ओळींत त्याने बोलण्याचा श्वास पकडला. तिकडच्या मुक्तछंदाची वाट तिथूनच निघते.

लाँगफेलो मात्र मागे पडला, आणि मला हा अन्याय वाटतो. इटालियन कवी दांतेची 'डिव्हाइन कॉमेडी' त्याने इंग्रजीत आणली, 'हायावाथा'साठी फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्याचा ठेका घेतला. ब्रिटिश सैन्य येतंय हा इशारा द्यायला पॉल रिव्हिअरने १७७५ मध्ये केलेली घोडदौड लोकांच्या मनात राहिली ती लाँगफेलोच्याच कवितेमुळे. (प्रत्यक्षात त्या रात्री आणखीही स्वार होते आणि रिव्हिअर कॉन्कर्ड गावी पोचण्याआधीच पकडला गेला.) १८८४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या कवींच्या कोपऱ्यात त्याचा अर्धपुतळा बसला. हा मान मिळालेला तो पहिला अमेरिकी कवी.

स्वतः कविता लिहिणाऱ्याने व्हिटमन वाचावाच. पण मुलांना मोठ्याने म्हणून दाखवायची असेल, तर मी लाँगफेलोच उघडेन.