बागेला गनमन ठेवला आणि ९६ हजार गेले

पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. राखणीला दरवर्षी नेपाळी गडी असतात. २०२४ च्या एप्रिलात शेजारच्या वाडीत एका रात्रीत आंबा उतरवून नेला आणि मी घाबरलो. मुंबईच्या एका सिक्युरिटी एजन्सीला फोन केला. "लायसनवाला गनमन देतो," म्हणाले. महिना ३२ हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. त्याच दिवशी पैसे पाठवले.

पोरगा आला, खांद्याला दुनळी. परवान्याची लॅमिनेट केलेली झेरॉक्स दाखवली. मी फोटो पाहिला, नाव जुळलं, पुढचं वाचलंच नाही. खरं तर वडिलांच्या नावे शेतीसंरक्षणाची एकनळी आहे आमच्याकडे, वानर-डुकरांसाठी. लोकसभेच्या आचारसंहितेमुळे ती ठाण्यात जमा होती. आमची जमा आणि याची उघड्यावर, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

आठवड्याने बीटचे हवालदार आले. पडवीत बसून त्यांनी ती झेरॉक्स ओळीओळीने वाचली. कारण: स्वसंरक्षण. क्षेत्र: परराज्यातला एकच जिल्हा. मुदत संपून दोन वर्षं झालेली. "काका, हा परवाना याच्या स्वतःच्या जिवासाठी आहे, तुमच्या आंब्यासाठी नाही."

खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या २००५ च्या कायद्याने एजन्सीला राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडून परवाना मिळतो तो रखवालदार पुरवण्याचा, बंदुका पुरवण्याचा नव्हे. बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली, ज्याच्या नावाचा त्याच्यापुरता. बंदूक बँकेची किंवा कारखान्याची असेल, तर ती हाताळणाऱ्याचं नावही परवान्यात नोंदवावं लागतं. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आहे. एजन्सीने स्वतःचा म्हणून मला दिलेला एजन्सी-परवान्याचा क्रमांकही दुसऱ्याच कंपनीचा निघाला.

कुणी गनमन देतो म्हणाला तर मूळ परवाना मागा, झेरॉक्स नको. कारण, क्षेत्र, मुदत आणि परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक (युनिक नंबर) वाचा. पैसे देण्याआधी तो कागद आपल्या ठाण्यात दाखवून या, अर्ध्या तासाचं काम आहे.

बंदूक जप्त झाली, माझा जबाब झाला, मी तक्रार दिली. एजन्सीचा फोन त्या संध्याकाळपासून बंद आहे. त्या पोराला महिना बारा हजार कबूल केले होते, त्यातला एक रुपयाही हातात आला नव्हता. त्याला गाडीत बसवलं तेव्हा सौभाग्यवतीने दिलेला चहा पडवीच्या कट्ट्यावर तसाच निवत होता.