सर्कशीची रेल्वे घडवायची तर एचओ, ओ की १:१६? आधी चाकं बघा

सर्कशीच्या रेल्वेचं मॉडेल शून्यापासून घडवायचं म्हटलं की बहुतेक जण डब्यांची लांबी मोजायला बसतात. पण सपाट डबा हा या कामातला सोपा भाग आहे. घाम काढतात ते त्यावर चढणारे गाडे, आणि गाड्यांमध्येही त्यांची चाकं. कोणतं माप घ्यायचं (एचओ म्हणजे मूळ वस्तूचा ८७वा भाग, ओ म्हणजे ४८वा, १:१६ म्हणजे सोळावा), लाकूड घ्यायचं की स्टायरीन (प्लास्टिकचा पत्रा), हे चाकांवरून ठरवलं तर पुढे पस्तावायची वेळ येत नाही.

१८७२ मध्ये डब्ल्यू. सी. कूप यांनी बार्नमची सर्कस रेल्वेवर चढवली, तेव्हापासून अमेरिकेतल्या मोठ्या सर्कशींची पद्धत ठरून गेली. सपाट डब्यांच्या मधल्या फटींवर लोखंडी पाट टाकायचे, शेवटच्या डब्याला उतरण लावायची आणि सगळे गाडे एका टोकाकडून आत ओढत न्यायचे. त्यामुळे मॉडेलमध्येही डबा आणि गाडा एकाच मापात आणि एकमेकांना बसणारे हवेत. पुढच्या काळातले पोलादी सपाट डबे साधारण ७० ते ७२ फुटी होते. तीन मापांत त्याचं काय होतं ते पाहा (आकडे मिलिमीटरमध्ये):

| मूळ वस्तू | एचओ (१:८७) | ओ (१:४८) | १:१६ |
|---|---|---|---|
| ७२ फुटी डबा | २५२ | ४५७ | १३७२ |
| १६ फुटी गाडा | ५६ | १०२ | ३०५ |
| ४ फुटी मागचं चाक | १४ | २५ | ७६ |
| ४ इंची धाव | १.२ | २.१ | ६.४ |
| पिंजऱ्याचा १ इंची गज | ०.३ | ०.५ | १.६ |

एका डब्यावर १६ फुटी चार गाडे बसतात. म्हणजे सोळा चाकं. प्रत्येकी १४ आरे धरले तर २२४ आरे, तेही एका डब्याचे. एचओमध्ये हे हाताने करायच्या फंदात पडू नका. रेझिनच्या (द्रव प्लास्टिकच्या) थ्रीडी प्रिंटरवर चाकं काढा, किंवा एक चांगलं चाक बनवून सिलिकॉनच्या साच्यात ओता. दोन इंची आरा इथे जेमतेम ०.६ मिमी होतो आणि प्रिंट करताना लागणाऱ्या आधाराच्या काड्या तोडतानाच मोडतो. म्हणून त्या काड्या चाकाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि रेझिन पूर्ण कडक होण्याआधी तोडा. आऱ्यांमधली जागा रंगीत पाकळ्यांनी भरलेली 'सनबर्स्ट' चाकं तर या मापासाठीच केल्यासारखी आहेत: भरीव चकती, वर उठावाचे आरे, मोडायची भीती नाही.

१:१६ मध्ये सगळं उलटं. इथे चाक खऱ्यासारखं जोडता येतं: तुंबा लेथवर, आरे वेगळे, वरून धाव. प्लायवुडच्या तुकड्यावर मधोमध खिळा आणि भोवती खाचा, एवढा जिग (भाग जागच्या जागी धरणारा साचा) पुरतो. पण १४ आऱ्यांचा कोन २५.७ अंश येतो. तो एकापाठोपाठ मोजत गेलात तर शेवटचा आरा हमखास तिरका बसतो. कागदावर पूर्ण वर्तुळ छापून तेच जिगवर चिकटवा. सवय नसेल तर १२ किंवा १६ आऱ्यांचा गाडा निवडा, ते कोन गुण्याने निघतात. अख्खं चाक एकाच बासवुडच्या (मऊ, हलक्या लाकडाच्या) फळीतून लेझरने कापायचा मोह मात्र टाळा. ज्या आऱ्यांना लाकडाची रेषा आडवी जाते ते बोट लागताच तुटतात. त्यासाठी पातळ बर्च प्लायवुडच हवा.

ओ मधलं माप आहे, आणि दोन्हीकडचे फायदे थोडे थोडे मिळतात. चाकं प्रिंट केलेली चालतात, पिंजऱ्याचे गज मात्र हाताने बसवता येतात. १४ फुटी पिंजऱ्यात तीन इंचांवर एक गज धरला तर एका बाजूला ५५च्या आसपास गज लागतात. वरची आणि खालची पट्टी दुहेरी टेपने एकमेकींवर चिकटवून एकदमच भोकं पाडा. वेगवेगळी पाडलीत तर गज कधीच समांतर येत नाहीत, आणि डोळ्याला ते लगेच खुपतं. ओमध्ये ०.५ मिमीची पितळी तार घ्या आणि भोक त्याहून किंचित सैल ठेवा. एचओमध्ये भोकं तेवढीच, पण ०.३५ मिमीचं बिट दर काही भोकांमागे मोडतं. बिटांची डबी जवळ ठेवूनच बसा.

आता डब्याचा प्रश्न. एचओमध्ये स्टायरीनच घ्या. बासवुडची रेषा त्या मापात जाडीभरडी दिसते आणि ती बुजवायला सीलरचे दोन-तीन हात द्यावे लागतात. स्टायरीनची अडचण वजनाची. एनएमआरए या अमेरिकेतल्या रेल्वे मॉडेलकारांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे २५२ मिमीच्या एचओ डब्याला सुमारे १७० ग्रॅम हवेत, आणि सपाट डब्यात लपवायला जागा कुठे असते? फळीखाली २४० × २० × २ मिमीची पोलादी पट्टी टाकली तर ७५ ग्रॅम मिळतात, शिशाची टाकली तर ११०च्या आसपास. उरलेलं वजन गाड्यांच्या तळाशी घाला, छतात नको. पोलादी पट्टी सुपरग्लूने चिकटवू नका. उष्णतेने स्टायरीन पोलादापेक्षा कितीतरी जास्त पसरतं, त्यामुळे डबा धनुष्यासारखा वाकतो किंवा सांधा सुटतो. लवचीक रबरी गोंद वापरा. बंद गाडा स्टायरीनचा करत असाल तर तळाला २ मिमीचं भोक हवंच. आत कोंडलेली सॉल्व्हंटची वाफ भिंती मऊ करते आणि काही आठवड्यांनी त्या आत खचलेल्या दिसतात.

ओ आणि त्याहून मोठ्या मापात लाकूड शोभतं, पण त्याची एक खोड आहे. डब्यावरच्या फळ्या आडव्या असतात, म्हणजे डब्याची लांबी ही लाकडाच्या रेषेला आडवी दिशा. दमट हवेत लाकूड त्याच दिशेला फुगतं. एक टक्का फुगलं तरी ४५७ मिमीमागे साडेचार मिमी. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्यात तर डबा वाकणारच. दर दोन फळ्यांमध्ये कागदाएवढी फट ठेवा आणि रंगवण्याआधी सीलर दोन्ही बाजूंना लावा.

रुळांवर चालवायची असेल तर वळणाची त्रिज्या डब्याच्या तिप्पट धरा: एचओला सुमारे ७६० मिमी, ओला १३७०. १:१६ मधली सर्कस सहसा चालवण्यासाठी नसते, ती मांडण्यासाठी. फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथे हॉवर्ड टिबल्स यांची सर्कस याच मापात आहे: १५२ गाडे, ५९ डबे. तेवढी जागा आणि आयुष्य हाताशी असेल तर प्रश्नच मिटला.

चालती, लांब गाडी हवी असेल तर एचओ, स्टायरीन आणि प्रिंट केलेली चाकं. सुतारकामाची ओढ असेल तर १:१६ चा एकच गाडा आणि रुळांचा नाद सोडा. पाच-सहा डबे पुरेसे वाटत असतील आणि गज हाताने ओवायची हौस असेल तर ओ. डब्याखालच्या चाकांच्या चौकटी एचओ आणि ओमध्ये विकतच घ्या, त्यात घातलेला वेळ दिसत नाही. सुरुवात सामानाच्या साध्या पेटीगाड्याने करा. नक्षीचा बँडगाडा पहिल्यांदा घेतला की तो अर्धवट पडतो. आणि सोनेरी रंग सगळ्यात शेवटी, मॅट व्हार्निशनंतर. आधी दिलात तर व्हार्निश त्याची चमक खाऊन टाकतं.